घरी बनवलेले ओटीजी अ‍ॅडॉप्टर विकावेत का? रोज सोल्डरिंग करणाऱ्याचं जरा लांबलेलं उत्तर

मित्रा, अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस, वयाने मोठा आहे म्हणून सवय. तुझा प्रश्न मला समजला तो असा: तू डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, कात्रजला राहतोस, घरी बसून वीस ओटीजी अ‍ॅडॉप्टर बनवलेस, बारा मायक्रो यूएसबी प्लगचे आणि आठ टाइप-सीचे. म्हणजे फोन-टॅबला पेन ड्राइव्ह, माऊस असलं काही जोडायची छोटी वायर. मित्रांना आणि ओळखीच्या एका दुकानदाराला वापरायला दिलेस. मायक्रोवाले बरे चाललेत, सीवाल्यांपैकी तीन कुठल्याच फोनवर चालत नाहीत. आणि आता तुला हे दीडशे रुपयाला विकायचेत, तर लायसन्स लागतं का आणि धंदा म्हणून परवडेल का.

लायसन्सचं खाली सांगतो, ते फार अवघड नाही. पण तू ते तीन बंद पीस प्रश्नात सहज जाता जाता लिहिलेस आणि पुढे गेलास, मला तिथेच खटकलं. कारण खरी गोष्ट तीच आहे. चालतो तो का चालतो आणि बंद आहे तो का बंद आहे हे तुला सांगता येत नसेल तर तू अजून अ‍ॅडॉप्टर बनवत नाहीयेस, वायरी जोडतोयस. मित्राला फुकट द्यायला तेवढं पुरतं. पैसे घेतले की माणूस परत येतो, आणि एकटा येत नाही, बंद पडलेला टॅब घेऊन येतो.

मी पुण्यात शनिवार पेठेत रिपेअरिंगचं छोटं दुकान चालवतो, वीसेक वर्षं झाली. मोबाईल, टॅब, गोडाऊनमध्ये बारकोड वाचायला वापरतात ती हातातली यंत्रं, सर्व्हेवाल्यांचे जुने जीपीएस असलं सगळं टेबलावर येतं. ओटीजी वायरी मी 2012 पासून बनवून विकतोय, मधे दोन वर्षं वैतागून बंद केलं होतं, परत सुरू केलं. तेव्हा जे सांगतोय ते हात भाजून शिकलेलं आहे.

आधी पाया. फोन किंवा टॅब कॉम्प्युटरला लावला की तो पाहुणा असतो, यजमान कॉम्प्युटर. यजमानाने पाच व्होल्ट द्यायचे, यजमानाने विचारायचं कोण आलंय, पाहुण्याने फक्त उत्तर द्यायचं. पेन ड्राइव्ह जन्मजात पाहुणा. आता पाहुण्याला पाहुणा जोडला तर दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसणार. म्हणून 2001 साली ओटीजी नावाची पुरवणी निघाली, की एकच यंत्र कधी पाहुणा कधी यजमान होईल, आणि कधी काय व्हायचं हे त्याला प्लगच सांगेल. मिनी आणि मायक्रोमध्ये म्हणूनच चार ऐवजी पाच पिना असतात. एक नंबर पाच व्होल्ट, दोन नंबर डी मायनस, तीन नंबर डी प्लस (या दोन डेटाच्या), चार नंबर आयडी, पाच नंबर ग्राउंड. साध्या चार्जिंगच्या केबलमध्ये चार नंबर मोकळी. ओटीजीमध्ये चार नंबर पाचला टेकवलेली. एवढंच. फोनला आयडी ग्राउंड दिसली की तो म्हणतो बरं, आज आपल्याकडे कार्य आहे, आणि आतून पाच व्होल्ट बाहेर सोडतो. आठवत असेल तर नोकियाच्या एन8 च्या खोक्यातच ही छोटी वायर यायची, 2010 साली. अँड्रॉइडला ही सोय व्यवस्थित आली 3.1 मध्ये, 2011 ला.

म्हणजे मायक्रोचा अ‍ॅडॉप्टर हा एक जंपर (दोन पिना जोडणारी छोटी तार) आणि चार वायरी. म्हणून तुझे बारा चालले. सीमध्ये आयडी पिनच नाही, तिथे सगळा कारभार सीसी नावाच्या पिनेवर आणि रेझिस्टरवर आहे, आणि तुझे तीन तिथेच गेले असणार, जवळपास पैज लावतो.

बघ, सीचा ओटीजी करायचा तर प्लगमधल्या सीसी पिनेवरून ग्राउंडला 5.1 किलोओहमचा रेझिस्टर लागतो. फोनला तो खाली ओढणारा रेझिस्टर दिसला की त्याला कळतं समोर पाहुणा आहे, मी यजमान. आणि ए टू सी चार्जिंग केबलमध्ये बरोब्बर उलटं, सीसीवरून पाच व्होल्टच्या लाइनला 56 किलोओहम, म्हणजे फोनला कळतं समोर चार्जर किंवा कॉम्प्युटर आहे, मी पाहुणा. आता बाजारात जे सुटे सी प्लग मिळतात छोट्या हिरव्या किंवा काळ्या पट्टीवर बसवलेले, त्यात दोन्ही प्रकार असतात आणि लांबून दिसायला हुबेहूब सारखे. तपकीर गल्लीत सुटे घेतलेस तर एकाच पुडीत दोन्ही निघू शकतात, मला निघालेत. भिंग घे. पट्टीवरच्या रेझिस्टरवर 512 लिहिलं असेल तर 5.1 किलो, तो ओटीजीचा. 563 असेल तर 56 किलो, तो चार्जिंगचा. कधी कधी बारीक रेझिस्टरवर काहीच छापलेलं नसतं, मग मीटर लाव, सीसी ते ग्राउंड आणि सीसी ते पाच व्होल्ट, दोन्ही मोज. तुझे तीन पीस उघड आणि बघ, 563 निघाले तर फोन यजमान होणारच नाही, कितीही सुंदर सोल्डर केलं असलं तरी. उपायही सोपा आहे, तो काढून 5.1 चा ग्राउंडला लाव किंवा पट्टी बदल. आणि हो, फोनच्या सॉकेटमध्ये सीसी दोन असतात पण प्लगमध्ये एकच वापरायची, दुसऱ्या बाजूला पण रेझिस्टर लावायचा शहाणपणा करू नकोस.

मायक्रोमध्ये सोल्डरिंगची खरी परीक्षा. पिनांमधलं अंतर 0.65 मिलीमीटर. मुलं चूक काय करतात, तर प्लग हातात नाहीतर चिमट्यात धरून गन टेकवतात, आतलं प्लॅस्टिक मऊ होतं, पिना मागे सरकतात, बाहेरून झकास दिसतं आणि फोनमध्ये घातलं की लूज कॉन्टॅक्ट. मी काय करतो, मेलेल्या फोनच्या बोर्डवरचं सॉकेट टेबलाला चिकटवून ठेवलंय, सोल्डर करताना प्लग त्यात खुपसून ठेवायचा. पिना जागच्या जागी धरल्या जातात आणि उष्णता पण थोडी ओढली जाते. वायरीचं टोक दोन मिलीमीटर सोलून आधी कथिल पाजायचं, पिनेला पण आधी कथिल, मग नुसतं टेकवायचं, दीड सेकंद, बास. फ्लक्स (कथिल नीट धरावं म्हणून लावतात ते) लाव, घासू नकोस. पहिल्यांदा चार-पाचचा जंपर, एक उघडी तार इकडून तिकडे, मग काळी, मग डेटाच्या दोन, लाल शेवटी. लाल शेवटी का, तर ती चुकून शेजारी टेकली तर लगेच दिसते, वर दुसरी वायर आलेली नसते. आणि हिरवी पांढरीचा पीळ जितका कमी सोडवशील तितकं बरं, या दोन वायरी जोडीने चालतात.

वायरीचा रंग बघून विश्वास ठेवायचा नाही. लाल पाच व्होल्ट, काळी ग्राउंड, पांढरी डी मायनस, हिरवी डी प्लस हे खरं, पण स्वस्त केबलमध्ये मी लाल-काळी उलटी पाहिलेली आहे. आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. गूगलचा एक इंजिनिअर आहे, बेन्सन ल्युंग, तो 2015 पासून ऑनलाइन मिळणाऱ्या सी केबली स्वतः विकत घेऊन तपासायचा, 2016 मध्ये एका केबलने त्याचा लॅपटॉपच खलास केला. कारण काय, तर पाच व्होल्ट आणि ग्राउंडची अदलाबदल. कारखान्यात बनलेली केबल होती ती. तेव्हा कापलेली प्रत्येक वायर आधी मीटरवर बीप करून, म्हणजे कुठलं टोक कुठे जातं ते बघून घ्यायची, एकाच लॉटमधली असली तरी.

फीमेल बाजूसाठी, म्हणजे ज्यात पेन ड्राइव्ह घालायचा त्या टोकासाठी, सुटं सॉकेट आणून सोल्डर करत बसू नकोस. यूएसबी एक्स्टेन्शन केबल घे, कापून टाक, मोल्डेड फीमेल टोक आयतं मिळतं, मजबूत असतं आणि दिसायलाही कंपनीचं वाटतं. जुन्या बाजारात बुधवारी रविवारी ढीग असतो, पण तिथला माल घरी वापरायला घे, विकायच्या पीसमध्ये नको, फीमेलच्या आतल्या पट्ट्या झिजलेल्या असतात. साध्या ए कनेक्टरचं आयुष्यच दीड हजार वेळा काढ-घालीचं धरलेलं असतं, मायक्रोचं दहा हजार.

लांबी पंधरा सेंटीमीटर, त्यापेक्षा मोठी मागितली तर कारण विचार. 28 गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी) तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण 0.21 ओहम. एक मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन 0.42, अर्धा अँपिअर ओढला की 0.21 व्होल्ट वायरीतच गेले. फोन मुळात पाच देत असेल तर चालून जाईल, पण बॅटरी उतरलेला जुना टॅब 4.7 देतो, मग पेन ड्राइव्ह येतो जातो, येतो जातो. पंधरा सेंटीमीटरला हेच नुकसान 0.03. आणि तार तांब्याचीच आहे ना बघ, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार हल्ली सर्रास येते, ब्लेडने खरवडलं की आत पांढरी दिसते, कथिल पण नीट धरत नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. पहिलं म्हणजे समोरचं यंत्र यजमान होऊ शकतं का. त्याच्या चिपमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये ती सोयच नसेल तर जगातला कुठलाही अ‍ॅडॉप्टर काही करू शकत नाही, आणि गिऱ्हाइकाला हे पटत नाही, तो म्हणतो वायर खराब आहे. दुसरं, ते यंत्र किती करंट देतं. यूएसबी 2 चा कॉम्प्युटरचा पोर्ट अर्धा अँपिअरपर्यंत देतो, पण हातातल्या यंत्रावर तेवढा द्यायचं बंधन नाही, काही जुनी यंत्रं जेमतेम माऊस चालवतात. तिसरं, पलीकडे काय लावणार. माऊस, कीबोर्ड, पेन ड्राइव्ह एक गोष्ट, फिरत्या चकतीची अडीच इंची हार्ड डिस्क वेगळी, ती सुरू होताना एक अँपिअरपर्यंत ओढू शकते. आयफोनच्या जुन्या लायटनिंगच्या नादी लागूच नकोस, तिथे अ‍ॅपलच्या परवान्याचा मामला आहे.

हार्ड डिस्कवरून माझी गोष्ट सांगतो. 2013 ला मी वाय केबल काढली, म्हणजे एक टोक टॅबला, एक फीमेल डिस्कला, तिसरं टोक चार्जरला, डिस्कला वीज बाहेरून. तीस पीसचा लॉट. तेव्हा मी तिन्ही लाल वायरी एकत्र पिळून सोल्डर केल्या, डोकं न चालवता. टॅब यजमान झाला की तो आतून पाच व्होल्ट बाहेर ढकलतो, चार्जर बाहेरून पाच व्होल्ट ढकलतो, दोघांचे पाच कधीच तंतोतंत सारखे नसतात. बऱ्याच टॅबनी सहन केलं. एका गिऱ्हाइकाचा टॅब गरम व्हायला लागला, त्याने लक्ष दिलं नाही, तिसऱ्या दिवशी चार्जिंगची आयसी (चिप) गेली. बोर्डचं काम करून दिलं पदरच्या पैशाने, आणि बाकीचे एकोणतीस जण फोन करून करून बोलावले, त्यातले चोवीस आले. सगळ्यांच्या वायरी उघडल्या. त्या महिन्यात कमाई शून्य.

आता मी टॅबकडे जाणारी लाल वायर तोडूनच टाकतो. यजमानाला बाहेरून वीज लागत नाही, त्याला फक्त डेटा, आयडी आणि ग्राउंड पुरतं. डिस्क चार्जरवर चालते, टॅब स्वतःच्या बॅटरीवर. तोटा एकच, टॅब त्या वेळात चार्ज होत नाही, आणि हे मी लेबलवर लिहितो. मधे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाका असं कुणी सुचवेल, शॉटकी डायोड टाकला तरी 0.3-0.4 व्होल्ट त्यात जातात, डिस्कला 4.6 मिळाले की ती कटकट करते. शिवाय चार्जरच्या लाल वायरीत मी एक पॉलीफ्यूज टाकतो, शॉर्ट झालं तर तो तापून वीज अडवतो, थंड झाला की परत चालू. काही रुपयांची वस्तू आहे, पण झोप लागते.

चार्जिंग पण हवं आणि यजमान पण हवा असं प्रत्येक दुसरा माणूस मागतो. त्यासाठी आयडी ग्राउंडला थेट न टेकवता 124 किलोओहममधून द्यायची अशी तरतूद आहे, पण ती समोरच्या यंत्राला समजली पाहिजे आणि बहुतेकांना समजत नाही. म्हणून ज्या मॉडेलवर मी स्वतः चालवून पाहिलंय त्याच मॉडेलसाठी ती बनवतो, बाकीच्यांना सरळ नाही म्हणतो.

तपासणी. मीटर, व्होल्ट-करंट दाखवणारा एक यूएसबी टेस्टर, आणि दहा ओहमचा पाच वॉटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर एवढ्यात काम होतं. पाच व्होल्टला दहा ओहम म्हणजे अर्धा अँपिअर, अडीच वॉट उष्णता, म्हणून पाच वॉटचा, आणि बोट लावू नकोस, भाजतं. आधी पिनेला पिन बीप, मग प्रत्येक पिन शेजारच्या पिनेशी शॉर्ट नाही ना, मग आयडी-ग्राउंड. मग टॅबला लावून रेझिस्टरचा लोड दे आणि टेस्टरवर व्होल्ट बघ. टॅब अर्धा अँपिअर देणारा असला पाहिजे हे आलंच. मग वायर दोन्ही टोकांना धरून हलव, आकडा नाचला की पीस बाजूला. शेवटी पेन ड्राइव्ह लावून मोठी फाइल कॉपी कर. नुसता माऊस चालतोय म्हणून पास करू नकोस, माऊस बहुतेक करून 1.5 मेगाबिटवर चालतो, त्याला कशीही वायर चालते. पेन ड्राइव्ह 480 वर बोलतो. माऊस चालतो आणि ड्राइव्ह चालत नाही असा पीस आला की आधी बघायचं हिरवी-पांढरीचा पीळ किती सोडवलाय आणि सोल्डरचा सांधा थंड, म्हणजे कथिल नीट न धरलेला तर नाही, आणि तिथे काही नसेल तर करंट. दोन्ही अजिबात दिसत नसतील आणि व्होल्ट मात्र येत असेल तर हिरवी-पांढरी उलटी लागलीय.

आणि परत येणारे पीस. माझा अनुभव असा, शंभर विकले की सहा-सात परत येतात आणि त्यातला खरोखर खराब एखादाच. बाकीचे? काही कंपन्यांच्या फोनमध्ये सेटिंगमध्ये ओटीजी नावाचा स्विच असतो, तो चालू करावा लागतो, आणि वापरलं नाही तर दहा मिनिटांनी आपोआप बंद होतो. गिऱ्हाईक म्हणतं काल चालत होतं आज बंद पडलं. नाहीतर पेन ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेला, बऱ्याच फोनला तो वाचता येत नाही, तो एक्सफॅट किंवा फॅट 32 मध्ये करून द्यावा लागतो, आणि फॅट 32 केला की चार जीबीपेक्षा मोठा पिक्चर त्यात बसत नाही, मग परत फोन. एक काका तर मला मोठ्या तावातावाने म्हणाले, तुमची वायर छोट्या फायली घेते मोठ्या घेत नाही. आता काय बोलणार. तेव्हापासून प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी टाकतो, मराठीत, चार ओळींची: सेटिंगमध्ये बघा, ड्राइव्ह कसा फॉरमॅट आहे बघा, दुसरा ड्राइव्ह लावून बघा, मग दुकानात या. निम्मे परत येणारे तिथेच थांबले.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: साधा मायक्रो तुला जमलाय, सीमध्ये रेझिस्टर बघायचा राहिला, बाहेरून वीज द्यायची असेल तर लाल वायर तोडायची, आणि लोड देऊन तपासल्याशिवाय पीस पाकिटात जायचा नाही.

आता पैशाचं. डेक्कनला हाँगकाँग लेनमध्ये साधा ओटीजी तीस-पन्नास रुपयात मिळतो. तू नवीन वायर, प्लग, हीट श्रिंक (तापवलं की आवळणारी नळी), पाकीट, लेबल धरलंस तर मालालाच पन्नास-पंचावन्न जातात. बनवायला आणि तपासायला मिळून वीस मिनिटं धर. दीडशेला थेट विकलास तर छान, पण दुकानदार तो नव्वदला मागणार आणि पैसे पुढच्या महिन्यात देणार. म्हणजे पीसमागे पस्तीस, तासाला तीन पीस, शंभर-सव्वाशे रुपये, त्यातून परत आलेले वजा. आणि शेजारच्या काऊंटरवर चाळीस रुपयाचा चकचकीत पीस टांगलेला. साध्या ओटीजीत तुला जागा नाही, स्पष्ट सांगतो. मायक्रो तर तसाही उताराला लागलाय, युरोपात 2024 च्या डिसेंबरपासून नव्या फोनला सीच सक्तीचं झालं, आयफोनने पण 2023 ला सी घेतला. सीच्या फोनवाल्याला अ‍ॅडॉप्टर कुठेही मिळतो.

जागा आहे ती जे तयार मिळत नाही त्यात. माझा निम्मा धंदा अशा लोकांचा आहे ज्यांची यंत्रं जुनी आहेत, चालू आहेत आणि बदलणं महाग आहे. चाकण-भोसरीच्या गोडाऊनमध्ये मायक्रो किंवा मिनी पोर्टची बारकोडची यंत्रं आहेत, त्यांना काटकोनी प्लग हवा, कारण सरळ प्लग ट्रॉलीला आपटून सॉकेटच उखडतं. सर्व्हेवाल्यांना उन्हात वाकडीतिकडी झाली तरी न तुटणारी वायर हवी. एका गृहस्थांना जुन्या टॅबला हार्ड डिस्क आणि कीबोर्ड एकदम लावायचा होता. असा पीस साडेतीनशेला जातो, माल शंभर-सव्वाशेचा, वेळ अर्धा-पाऊण तास, आणि घासाघीस कुणी करत नाही कारण दुसरीकडे मिळत नाही. पण त्याची एक अट आहे, यंत्र तुझ्या टेबलावर आलं पाहिजे. मॉडेल नंबर ऐकून बनवायचं नाही. मी एक वही ठेवलीय, कुठल्या यंत्राने किती करंट दिला, कुठला ड्राइव्ह चालला, कुठला नाही, तारीख टाकून. बारा वर्षांच्या अशा तीन वह्या आहेत, दुकानाला आग लागली तर मी आधी त्या उचलीन, मग मीटर.

लायसन्स. घरून करतोयस तरी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून टाक, ऑनलाइन आहे आणि फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नकोस. दुकान टाकलंस तर शॉप अ‍ॅक्टचं बघ, माणसं थोडी असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, आपण त्याला अजून गुमास्ताच म्हणतो. जीएसटी महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकलास तर वर्षाला चाळीस लाखांपर्यंत लागत नाही, पण एक पार्सल जरी बेळगावला किंवा इंदूरला पाठवलंस तर तू राज्याबाहेर माल विकलास, मग उलाढाल कितीही असो नोंदणी लागते. मोठ्या ऑनलाइन साइटवर टाकायच्या आधी हे एखाद्या सीएला विचार, पाचशे रुपये घेईल पण नीट सांगेल. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग, महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि तक्रारीसाठी नंबर हे छापावं लागतं, वजनमापवाल्यांचा नियम आहे तो. कुठल्याही कंपनीचं नाव ठळक छापू नकोस, अमुक मॉडेलवर चालतो असं बारीक अक्षरात लिही. यूएसबीचा सर्टिफाइडचा लोगो तर अजिबात टाकू नकोस, तो परवान्याशिवाय वापरता येत नाही. गंमत म्हणजे यूएसबीच्या नियमावलीत मायक्रोच्या ओटीजीला चौकोनी मायक्रो-ए प्लग सांगितलाय, तो बाजारात क्वचितच दिसतो, बहुतेक जग साध्या मायक्रो-बी प्लगमध्ये आयडी ग्राउंड करून काम चालवतं.

आणि वाय केबलबरोबर चार्जर द्यायचा मोह होईल, गिऱ्हाईक मागतंच. देऊ नकोस. पॉवर अ‍ॅडॉप्टर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) सक्तीच्या नोंदणीच्या यादीत आहे, पॉवर बँक पण. बिननोंदणीचा चार्जर पाकिटात टाकलास तर तुझ्या वायरीचा प्रश्न राहत नाही, तो वेगळाच प्रश्न होतो. यादी वाढत असते, विक्री सुरू करायच्या आदल्या दिवशी एकदा उघडून बघ. गिऱ्हाइकाला सांग, तुमच्याकडचा, बीआयएसचा शिक्का असलेला चार्जर वापरा.

तुझ्या दीडशेच्या प्रश्नाचं उत्तर मग असं. साधे पीस विकू नकोस, हात बसवायला बनव आणि मित्रांना दे. विकायचंच असेल तर एक वाय केबल आणि एक काटकोनी मायक्रो, दोनच वस्तू, दहा-दहा नग, आणि प्रत्येक पीसवर बारीक नंबर घाल. नंबर का, तर उद्या चूक सापडली की कुणाला बोलवायचं ते कळतं. माझ्या त्या तीसपैकी पाच जण आलेच नाहीत, नंबर असते तर किमान कोण ते कळलं असतं, मी नुसतं नावावर शोधत बसलो.

त्याआधी एक काम कर. दुकानदाराकडे दिलेले पीस परत आण, आजच. सीचे तीन बंद आहेत म्हणजे पाच चालू आहेत असं धरून बसू नकोस, त्या पाचांची पण सीसी मोज, कारण पुडी एकच होती. मायक्रोच्या बारांना दहा ओहमचा लोड देऊन हलवून बघ. जे नाचतील ते कापून टाक, फीमेल टोक पुन्हा वापरता येईल. किती उरले ते इथेच कळव, मग काटकोनी प्लगमध्ये पिनांची बाजू कशी उलटी पडते ते फोटोसकट सांगतो, तिथे सगळेच पहिल्यांदा चुकतात.